लग्न खरे असल्याबाबत

भिमाजींची मुलगी स्नेहल हिचे लग्न झालेले आहे, याबद्दल गावात कोणालाही शंका नव्हती. मांडवात दोन हजार पाने उठली होती. आमदार अक्षता संपल्यावर आले होते आणि नवऱ्याचा एक चुलत मामा टोपी न मिळाल्यामुळे न जेवता निघून गेला होता. लग्न पक्के धरायला बेल्ह्याच्या आसपास याहून जास्त काही लागत नाही.

शंका आली ती पावणेतीन वर्षांनी, आणि तीही फॅक्सने, बेल्ह्याच्या एसटीडी बूथवर.

जावई हनुमंत मूळचा मंचरचा. आता तो न्यू जर्सीत राहणारा, अमेरिकेचा नागरिक. नागरिकाच्या बायकोला तिथे कायमचे राहण्याचे कार्ड मिळते. पण लग्न ताजे असेल तर ते कायमचे कार्ड शर्तीवरचे आणि दोनच वर्षांचे असते. मुदत संपत आली की नवरा-बायकोने मिळून अर्ज करायचा आणि लग्न हे लग्नासाठीच केले, कार्डासाठी नव्हे, असे सिद्ध करायचे. मग ते कायमचे कार्ड कायमचे होते. नाहीतर जाते.

भिमाजी बेल्ह्याच्या बाजारात बैलांचा व्यापार करीत. त्यांना हे कोणी समजावून सांगावे लागले नाही.

"म्हंजे बोलीवर," ते म्हणाले. "न्यायचा, औताला जुंपून बघायचा, चालला तर ठेवायचा."

"आप्पा, मी बैल न्हाई," स्नेहल म्हणाली.

"न्हाईसच. बैलाला दोन वर्सं कोन देतंय? आठ दिसांत निकाल."

अडचण झाली ती शिक्षणाची. लग्न झाले तेव्हा स्नेहल जनावरांची डॉक्टर व्हायला शिकत होती. कार्ड मिळाल्यावर ती अमेरिकेला गेली, दोन महिने राहिली, आणि तिच्या ध्यानात आले की तिकडे पहिल्यापासून श्रीगणेशा करावा लागेल आणि इकडे शेवटचेच वर्ष उरले आहे. मग रीतसर परतीचा परवाना काढून ती माघारी आली. परीक्षा झाली. आता बेल्ह्याच्या जनावरांच्या दवाखान्यात उमेदवारी चालू होती. ती अर्ध्यात सोडली तर डिग्री नाही.

परवान्याच्या अर्जात अमेरिकेबाहेर राहण्याचे कारण विचारले होते. स्नेहलने लिहिले : परदेशी शिक्षण. देश : भारत. ठिकाण : बेल्हे. परदेशी शिक्षणासाठी पोरी अमेरिकेला जातात हे गावाने ऐकले होते. अमेरिकेतून परदेशी शिक्षणासाठी बेल्ह्याला आलेली ही पहिलीच.

"डिग्री सोडायची न्हाई आन नवराबी सोडायचा न्हाई," तिने घरात जाहीर केले होते. आता नवरा तिकडे, बायको इकडे, याला लग्न म्हणावे काय, असे तिथल्या कचेरीने विचारण्याआधीच हनुमंताच्या वकिलाने विचारले होते. फॅक्समध्ये त्याने दोन गोष्टी मागवल्या : दोघांचे एकत्र फोटो, आणि हे दोघे खरोखर नवरा-बायको आहेत असे स्वतःच्या माहितीवरून शपथेवर सांगणारे दोन साक्षीदार. एक साक्षीदार हनुमंताचा तिकडचा शेजारी मिळाला होता. एक इकडचा हवा होता.

भिमाजी आधी फोटो स्टुडिओवाल्या गेणूकडे गेले.

"वकील म्हनतो, फोटूत दोघंच पायजेत. आन जवळ."

"जवळ म्हंजे किती?" गेणूने धंद्याच्या दृष्टीने विचारले.

चार जाडजूड अल्बम उलटून झाले. नवरा-नवरी आमदारांबरोबर होती, साखर कारखान्याच्या संचालकांबरोबर होती, बँडवाल्यांबरोबरही होती. दोघांचाच असा एक फोटो निघाला. त्यात दोघे हातभर अंतर राखून, कोर्टात उभे केल्यासारखे समोर बघत होते, आणि डाव्या कडेने मामाचा हात आलेला होता.

"मामाला उडवतो," गेणू म्हणाला. "कॉम्प्युटर घेतलाय आता. मागं नायगारा टाकतो."

"अरं, ते तिकडंच ऱ्हात्यात. खरा नायगारा बघून आल्यात."

"मग खरा फोटू कुठं हाय?"

खरा फोटो होता. धबधब्यापुढे हनुमंताने स्नेहलच्या खांद्यावर हात टाकला होता आणि दोघे दात दाखवून हसत होती. तो आल्या दिवशीच कुशाबाईंनी, म्हणजे स्नेहलच्या आईने, ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी घातला होता.

"घरात येणारं-जाणारं मानूस बघतंय," त्या म्हणाल्या. "खांद्यावर हात! काय म्हनंल कुनी?"

"नवरा-बायको म्हनंल," स्नेहल म्हणाली.

"आपल्यात कुनाला म्हनलंय का आजवर असं बघून?"

यातून एक नियम हाती आला. जो फोटो इथे लपवण्याजोगा, तोच तिथे पुरावा. आणि इथे जो भिंतीवर लावण्याजोगा, तो तिथे संशयास्पद. भिमाजींनी ट्रंक उघडवली.

साक्षीसाठी ते ग्रामसेवकाकडे गेले. ग्रामसेवकाला सगळे गाव भाऊसाहेब म्हणे.

"दाखला देतो की," भाऊसाहेब म्हणाले. "स्नेहल ह्या आपल्या गावच्या रहिवासी आहेत."

"रहिवासी न्हाई. नवऱ्याकडं नांदती, असं पायजे."

"नांदत्यात तर इथं कशा?"

"शिकायला आलीय."

"शिकायला लोक बाहेर जातात, भिमाजी. घरी येत नाहीत." भाऊसाहेबांनी रजिस्टर पुढे ओढले. "नांदती लिहायचं तर आधी तुमच्या रेशनकार्डावरनं नाव कमी करायला लागंल. नाव कमी झालं की त्या गावच्या राहिल्या नाहीत. आणि गावचं माणूस नसलं तर मला दाखला देता येत नाही."

"मंजी?"

"मंजी त्या नांदतात असं मला तेव्हाच लिहिता येईल, जेव्हा त्या मला माहीतच नसतील."

हे त्यांनी अजिबात न लाजता सांगितले. नोकरीला वीस वर्षे झाली होती.

मग राहिला गाव. शेजारचा भागू लग्नात वाढायला होता, हनुमंताला मिठी मारून आला होता.

"भाऊ, लेक दोन वर्सं म्हायेरी हाय," तो म्हणाला. "शपथ घिऊन नांदती म्हनू? देवाला त्वांड दावायचंय मला."

"तुझी बायको वर्सभर म्हायेरी व्हती, तवा?"

"ती रुसून गेल्ती. रुसनं म्हंजे नांदनंच."

तरी भागू मनाने चांगला. तो तयार झाला. पण वकिलाने बजावले होते की कचेरी साक्षीदाराला फोनही करील, आणि नवरा-बायकोला वेगवेगळे बसवून कसले प्रश्न विचारतात, त्याचे नमुनेही पाठवले होते. ते वाचून स्नेहलच्या डोळ्यांत खोडी चमकली.

"आप्पा, बैल घेताना दात बघता का न्हाई? मग साक्षीदाराचेबी बघू. ज्याला सोत्ताच्या लग्नाचं सांगता येत न्हाई, त्यो माझ्या लग्नाचं काय सांगनार?"

भिमाजींना हे पटले. संध्याकाळी पडवीत भागूला बसवले. गंमत बघायला आळीतले आणखी पाच-सहा जण आले. स्नेहल वकिलाच्या कागदावरचे प्रश्न वाचू लागली.

"बायकोचा दात घासायचा ब्रश कुठल्या रंगाचा?"

"बुरूश न्हाई. मिसरी लावती."

"रंग?"

"काळा." हे उत्तर मान्य करण्यात आले.

"बायको कुठल्या अंगाला झोपते?"

"मी पडवीत, ती आत. म्हंजे..." भागूने दिशा लावून पाहिली, "उगवतीला."

"शेवटचं भांडण कधी झालं?"

"मिटू तर दे."

"बायकोला खायला काय आवडतं?"

भागूने आढ्याकडे पाहिले, मग पायाच्या अंगठ्याकडे पाहिले. तो खोटे बोलणारा माणूस नव्हता.

"उरलेलं," तो म्हणाला.

कोणी हसले नाही, कारण पुढचा नंबर त्यांचा होता. एकेक जण बसला आणि उठला. एकाला बायकोचे वय ठाऊक नव्हते, एकाने तिच्या माहेरचे गाव चुकवले. सासऱ्याकडून आलेल्या मोटारसायकलचा नंबर मात्र त्याने घडाघडा सांगितला. रात्रीच्या जेवणाआधी निकाल लागला. अमेरिकेचे माप लावले तर आळीतली सगळी लग्ने बनावट ठरत होती. दर रविवारी बूथवरून स्नेहल नवऱ्याशी बोले. त्याचे दूध कितीदा उतू गेले हे तिला ठाऊक होते आणि तिला कोणत्या खोंडाने लाथ मारली हे त्याला. म्हणजे आळीत खरे निघाले ते एकच लग्न, आणि पुरावा मागितला होता तो त्याचाच.

"आप्पा, तुमी बसा," स्नेहल म्हणाली.

"मला बाजाराला जायचंय," भिमाजी म्हणाले.

"आज बाजार न्हाई," आतून आवाज आला.

कुशाबाई उंबऱ्याशी कांदे निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या बोलू लागल्या. "डाव्या कुशीवर झोपत्यात. च्यात दोन चमचे साखर लागती, लोकांत अर्धा सांगत्यात. खोटं बोलायचं असलं की आधी कान खाजवत्यात."

भिमाजींचा हात कानाशी होता. तो त्यांनी खाली घेतला.

साक्षीदार सापडला होता.

तालुक्याच्या कचेरीबाहेर झाडाखाली कुंडलिक टंकलेखक बसे. त्याच्याकडे प्रतिज्ञापत्राचे तयार मसुदे होते : गुणपत्रिका हरवल्याचा, नावात बदलाचा आणि जमीन गहाण नसल्याचा. खऱ्या लग्नाचा मसुदा आजवर कोणी मागितला नव्हता, म्हणून त्याने हे तिन्ही एकत्र केले. प्रतिज्ञापत्रात असे आले की सदर विवाह कोठेही हरवलेला नसून तो कोणाकडे गहाण अथवा तारण ठेवलेला नाही. स्नेहलने निम्मे खोडले, दुसऱ्यांदा टंकून घेतले आणि तिथूनच थेट दवाखान्यात गेली. सही-शिक्क्याच्या वेळी ती परत आली तेव्हा तिच्या गमबुटांना शेण होते. अर्ज आजच कुरिअरने गेला तर मुदतीत पोचणार होता.

शिक्का मारणाऱ्या साहेबांनी कागद वाचला. "शपथ घेणारीचं नाव?"

"कुशाबाई."

"नवऱ्याचं नाव?"

कुशाबाईंनी पदर सारखा केला. "ह्येंचं."

"कोणाचं?"

"ह्येंचं की," असे म्हणून त्यांनी शेजारी बोट दाखवले.

"बोट नोंदवता येत नाही, मावशी. तोंडाने सांगा."

"साहेब, भिमाजी," भिमाजी म्हणाले.

"तुम्ही बोलू नका. साक्षीदाराला पढवल्यासारखं होतं."

"उखान्यात घिऊ का?" कुशाबाईंनी विचारले.

साहेबांनी विचार केला. "नाही. उखाण्यात इतरही मजकूर असतो. त्याची शपथ कोणी घ्यायची?"

बाहेर कुंडलिकाचे यंत्र थांबले. कुशाबाईंचे लग्न होऊन तीस वर्षे झाली होती, आणि तीस वर्षांत त्यांनी नवऱ्याचे नाव सरळ उच्चारले नव्हते. मतदार यादीवाला आला तेव्हा नाही, नवरा विहिरीवर घसरून पडला तेव्हाही नाही. तेव्हा त्या नुसत्याच "अवं, अवं" ओरडल्या होत्या आणि तीन शेतांतले तीन नवरे धावत आले होते.

"पाच मिनिटांत मी उठणार," साहेब म्हणाले.

कुशाबाईंनी लेकीकडे पाहिले, तिच्या गमबुटांकडे पाहिले, आणि समोर बघून ठणठणीत सांगितले :

"भिमाजी."

भिमाजी दचकले. एवढ्या वर्षांत हे नाव त्या आवाजात त्यांनी कधी ऐकले नव्हते.

"भिमाजी," कुशाबाई पुन्हा म्हणाल्या. "लिव्हा." शिक्का पडल्यावर त्यांनी विचारले, "साहेब, ह्ये नाव परत घेतलं तर गुन्हा हाय का?"

"नाही हो. शपथेवर सांगितलेलं फिरवणं हा गुन्हा."

हे त्यांनी पदराच्या गाठीला बांधून ठेवले.

अर्ज पोचला. उन्हाळ्यात उमेदवारी संपली, डिग्री हाती आली आणि स्नेहल गेली. दिवाळीच्या आधी तिचा फोन आला : मुलाखतीला बोलावलेच नाही. शर्ती काढल्या. कार्ड कायमचे झाले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी भिमाजी सकाळी दारासमोर बैलाच्या शिंगांना तेल लावत होते. चार माणसे बैल बघायला आली होती. भागू गडग्याला टेकून उभा होता. तेवढ्यात घरातून हाक आली.

"भिमाजी! च्या झालाय!"

भागूच्या हातातली तंबाखू सांडली. भिमाजी लगबगीने आत गेले.

"अगं, लोकं काय म्हनतील?"

"सरकारी शिक्का हाय. मागं घेतलं तर गुन्हा हाय." कुशाबाईंनी कपबशी पुढे ठेवली. चहात बरोबर दोन चमचे साखर होती. "आता तुमी सांगा. पोरीनं त्या दिशी तुमाला बसवलं आन तुमी बाजाराला निघालाव. मला खायला काय आवडतं?"

भिमाजींनी हजारो बैलांची वये दातांवरून सांगितली होती. ते बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. हळूहळू त्यांचा हात वर गेला.

"कान सोडा," कुशाबाई म्हणाल्या.

हात खाली आला. चहावर साय धरली.

"मंग ऱ्हावा शर्तीवर," असे म्हणून कुशाबाईंनी परात ओढली. "दोन वर्सं. मुदत संपायच्या आत दोघांच्या सहीनं अर्ज करायचा. माझी सही व्हती का न्हाई, ते तवा बघू."

त्या दिवसापासून भिमाजी आपल्या घरात सशर्त राहतात. बाजारातून येताना ते कधी भेळ आणतात, कधी पेरू, कधी शेव. कुशाबाई सगळे खातात आणि चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत. भागू ही हकीकत तालुकाभर रंगवून सांगतो. आपल्या घरात मात्र त्याने ती अजून सांगितलेली नाही.

ज्या वाचकांना हसू आले असेल त्यांनी ते आवरून, स्वयंपाकघराकडे न पाहता व आत काही न विचारता, वरील एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे. देताना कान खाजवू नये.