साडेचारची पिशवी

पहाटे साडेचारला आमचे शेजारी रंगनाथराव कचऱ्याची पिशवी घेऊन फाटकाशी उभे राहतात. तंजावूरच्या आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी येते नऊला. त्यामुळे पाचला राव पिशवी परत आत नेतात आणि नऊला पुन्हा आणतात.

पिशवी पारदर्शक. बाटली वेगळी, बूच वेगळं, दुधाचं पाकीट धुऊन, वाळवून, घडी घातलेलं. गाडीवाला सगळं एकाच ढिगात ओततो. राव ढिम्म! "तो ओतूं दे. आपण निमित्त द्यायचं नाहीं." हे त्यांचं पालुपद.

रावांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले. स्वतः रावांनी तीस वर्षं शाळेत तमिळ शिकवलं. तरी त्यांचं घरचं बोलणं ऐकून एखादा ऑटोवाला विचारतोच, "सार, नॉर्थ का?" मग राव त्याला थांबवून सगळी वंशावळ ऐकवतात. मी बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून आलेला, म्हणजे त्यांच्या हिशेबी कालचा.

त्यांची मुलगी वसुधा ओसाकात नोकरी करते. परदेशी भाडेकरू नको म्हणून तिथे पाच घरमालकांनी तिला वाटेला लावलं. सहाव्याने घर दिलं. पण त्या इमारतीत परदेशी ही एकटीच. त्यामुळे कोणाच्याही कचऱ्याची वर्गवारी चुकली की ती पिशवी हिच्या दाराशी येते! दोन तक्रारी झाल्यात. तिसरी झाली की घर सोडायचं.

तेव्हापासून रावांनी कंबर कसली. तिथल्या कचऱ्याच्या नियमांचा तक्ता स्वयंपाकघरात लावला आणि जपानी शिकायला घेतलं. वाक्य एकच पाठ केलंय: 'ही पिशवी आमची नाही.' सकाळी अंगणात कमरेत वाकून ते कावळ्याला ऐकवतात.

"हे सगळं ठीक," एकदा मी म्हणालो, "पण साडेचारला कशाला?"



"तिकडे तेव्हां आठ जाले असतात. वसु पिशवी घेऊन खालीं उतरते. शेजारची बाई येऊन पिशवी उलटीपालटी करून बघते. तवर पोर मान खालीं घालून उभी." त्यांनी खिशातला फोन चाचपला. "एकटी कां उभी ऱ्हावी ती?"

मला त्या न पाहिलेल्या बाईचा भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी गजर लावून उठलो आणि आमची पिशवी घेऊन रावांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"अप्पा, कोण आलं?" फोनमधून वसुधाने विचारलं.

रावांनी माझी पिशवी दिव्याखाली धरली. न धुतलेलं दुधाचं पाकीट दोन बोटांनी बाहेर काढलं.

"शेजारी," ते म्हणाले. "नवा हाय. शिकेल."

ती हसली. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "अप्पा, ती बाई येतीय. फोन ठेवूं नका."

राव ताठ उभे राहिले. मीही राहिलो.