अबुना बेसादांची पहिली डुलकी

पापकबुली ऐकताना काय करायचं नसतं, हे मठातल्या म्हाताऱ्या साधूंनी गावच्या नव्या, संसारी पाद्रीबाबांना, म्हणजे अबुना बेसादांना, चाळीस दिवस घोटून शिकवलं होतं. चिडायचं नाही, हसायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. झोपायचं नाही, हे मात्र सांगायची गरज कुणालाच वाटली नव्हती.

गावातली पहिलीच कबुली, पहाटेपासून उभ्यानं प्रार्थना, त्यावर बायकोनं आग्रहानं वाढलेली मुलुखियाची दाट पालेभाजी. चर्चमध्ये पंखा फिरत होता, शेजारी बसलेली म्हातारी उम्म अय्याद हळू आवाजात बोलत होती आणि अबुना शिडाच्या होडीत बसून नाईलवरून चालले होते. पाणी दुधासारखं संथ होतं. काठावरचे खजूर वाकून "या अबुना, या" म्हणत होते. होडी कुठं लागूच नये, असं वाटत होतं.

अचानक सगळं शांत झालं. अबुना दचकून जागे झाले. उम्म अय्याद डोळे पुसत होती. त्यांनी गडबडीनं क्रूस तिच्या डोक्यावर धरला आणि क्षमेची प्रार्थना म्हणून टाकली. क्षमा कशाची, ते देवच जाणे!

दारातल्या गत्तासकाकांनी, म्हणजे चर्चच्या रखवालदारानं, तिला पाहिलं आणि गावभर केलं. "आठ वर्षांत चर्चची पायरी चढली नव्हती, आज रडत बाहेर आली! जुने अबुना पहिल्याच वाक्याला खेकसायचे. हे बघा, शेवटपर्यंत हूं की चूं नाही!"

झालं! शनिवारपर्यंत रांग लागली. जो तो म्हणे, "ऐकावं तर ह्यांनीच."

अबुनांना मात्र रविवारची धास्ती होती. उद्या उम्म अय्याद आठ वर्षांनी प्रभुभोजन घेणार, तेही न ऐकलेल्या कबुलीवर. खरं सांगावं तर बाई पुन्हा फिरकायची नाही. न सांगावं तर स्वतःलाच तोंड दाखवायची सोय नाही. शेवटी ते तिच्या घरी गेले.

"उम्म अय्याद, त्या दिवशी... मी झोपलो होतो."

"ठाऊक आहे की. चांगले घोरत होतात."

"अहो, मग बोलत कशाला राहिलात?"

"झोपला होतात म्हणूनच बोलले. जाग्या माणसासमोर तोंड उघडत नव्हतं माझं." तिनं काळाकुट्ट चहा पुढं ठेवला. "हा प्या. एकदा ओठांबाहेर पडलंय, आता सांगते."

अबुनांनी डोळे ताणून उघडे ठेवले.

"नवरा आजारी होता. दुपारी त्यानं पाणी मागितलं. सकाळी भांडण झालेलं, म्हणून मी झोपेचं सोंग घेतलं. दोनदा हाक मारली त्यानं. उठले तेव्हा तो गेला होता."

मठात शिकवलेलं एकही वाक्य अबुनांना आठवेना. क्रूस हातातच राहिला आणि डोळ्यांतलं पाणी थेट दाढीत उतरलं.

"अगं बाई! अहो अबुना, रडताय काय असे?" म्हातारी घाबरली. ओढणीच्या टोकानं त्यांची दाढी पुसत म्हणाली, "त्यापेक्षा झोपला होतात तेच बरं होतं!"