पाहुणीची बोटं

सावळारामच्या घरी इंग्रजी पद्धतीचा संडास नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

जुन्नरच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर सावळारामनं दोनच मोठी कामं केली होती. अवसरी बुद्रुकच्या घराला हा संडास बांधला आणि तो येईल त्या पाहुण्याला दाखवला. (वापरत मात्र तो जुनाच होता. नव्यावर बसलं की आपण साहेबाच्या केबिनबाहेर ताटकळतोय असं त्याला वाटायचं.) त्यामुळे रसिक मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष दादाभाऊंनी "पावणी उतरणार कुठं?" असं विचारताच सावळारामच्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडं. माझ्याकडं तशी सोय आहे."

पाहुणी म्हणजे मनाल कागदी. जगभर नावाजलेली पियानोवादक. तिच्या आजीचं घर जुन्नरचं, म्हणून या मुलखात एकदा तरी वाजवायचं असा तिनं हट्टच धरला होता. रविवारी संध्याकाळी मंचरच्या एका मंगल कार्यालयात ती एकटी वाजवणार होती. (साथीला तबला नाही, पेटी नाही हे ऐकून मंडळातल्या एकानं "कुणी मिळालं न्हाई काय?" अशी काळजीनं चौकशी केली होती.)

"भाऊसाहेब, पावणी तुमच्याकडं," दादाभाऊ म्हणाले. "पण ध्यानात ठेवा, सगळा कारभार त्या बोटांवर हाये. बोटाला काय झालं, तर आलेली सगळी पब्लिक तुमच्या दारात आणून सोडीन. आन् नीट पार पडलं, तर आभाराचं भाषण तुमचं."

सावळारामला आधी घाम फुटला आणि मग गहिवर आला. नोकरीभर त्यानं साहेबांची भाषणं लिहून दिली होती. माईक त्याच्या हातात आला होता तो फक्त एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीकडे पोचवण्यापुरता.

घरी येऊन त्यानं बायकोला, भागूला, बातमी सांगितली.

"बोटं जपायची म्हंजी?" भागूनं विचारलं. "आन् जेवायचं कशानं तिनं?"

सावळाराम कामाला लागला होता. विळी माळ्यावर गेली. सुरी कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली अशा जागी गेली की जिथं कुणाचा हात पोचणार नाही. फाटकावर पाटी लागली: 'पाहुण्यांशी कृपया हात मिळवू नये. फक्त नमस्कार करावा.'

शनिवारी दुपारी मनाल आली. गाडीचं दार सावळारामनं उघडलं. बॅग त्यानं उचलली. चहा कपातून बशीत ओतून, फुंकून, गार करून त्यानं तिच्यापुढे धरला तेव्हा ती हसायलाच लागली.

"काका, मी आजारी नाहीये हो!"

"तुम्ही नाही, पण बोटं..."

"बोटं पण बरी आहेत."

मागून दादाभाऊ आले. ते एकेकाळचे पैलवान. त्यांनी आपला पंजा पुढे केला, तसा सावळारामनं मध्ये उडी मारून तो स्वतःच्याच हातात घेतला. दादाभाऊंनी प्रेमानं दाबला. सावळारामला वाटलं, आपण जगभराच्या संगीतावर केवढे उपकार करतोय हे कुणाला कधी कळायचं नाही.

मनाल मात्र घरभर वाऱ्यासारखी फिरत होती. संडास तिनं पाहिला आणि "छान आहे" एवढंच म्हणाली. (सावळारामला दोन-चार वाक्यांची तरी अपेक्षा होती.) तिचं मन रमलं ते भागूच्या स्वयंपाकघरात. भागू भाकरी थापायची आणि ही पाट्याजवळ मांडी ठोकून आपल्या आजीच्या, जोहराबींच्या गोष्टी सांगायची. सावळाराम चूल आणि मनाल यांच्यामध्ये हात पसरून उभा राही.

"अवो, बाजूला व्हा," भागू ओरडायची. "तव्याला तुमचीच दृष्ट लागायची!"

रविवारी दुपारी भागूनं पिठलं केलं, बाजरीची भाकरी केली, ठेचा वाटला. ताटं वाढली आणि तिला आठवण झाली.

"कांदा राह्यला. अवो, विळी कुठंय?"

"माळ्यावर. शिडी शेजाऱ्यांना परत देऊन आलो."

"सुरी?"

"कपाटात."

"किल्ली?"

सावळारामनं एक खिसा चाचपला, मग दुसरा. "ती... जपून ठेवलीय."

"म्हंजी हरवलीया!"

"चिरायचा कशाला काकी?" मनाल म्हणाली. "आजी तर बुक्कीनंच फोडायची." तिनं कांदा उचलून पाट्यावर ठेवला आणि मूठ वर नेली.

सावळारामच्या डोळ्यांपुढे मंगल कार्यालय आलं, भरलेल्या खुर्च्या आल्या, मुका पियानो आला आणि हातचा निसटणारा माईक आला. "थांबा!" अशी आरोळी ठोकून त्यानं झडप घातली आणि तिच्या पुढ्यातला कांदा हिसकून घेतला. "हे आमचं काम. अवसरीच्या माणसाला का कांदा फोडायला शिकवायचं?"

"तुमी?" भागू म्हणाली. "उभा जन्म नुसतं शिक्के मारत बसलात!"

हे तिनं बोलायला नको होतं. सावळारामनं कांदा पाट्यावर मांडला, देवाचं नाव घेतलं आणि शिक्का मारावा तशी नेमकी, ताठ मूठ खाली आणली. कांदा गावचा होता, त्याला माणसं कळत होती. तो ऐन वेळी बाजूला सरकला.

आवाज झाला, पण तो कांद्याचा नव्हता.

सावळाराम हात पोटाशी धरून खाली बसला. कांदा घरंगळत मनालच्या पुढ्यात गेला. काय झालं ते तिच्या अजून ध्यानात आलं नव्हतं. तिनं बोलता बोलता त्याच्यावर मूठ टाकली आणि त्याच्या पाकळ्या झाल्या.

"मनगट सैल सोडायचं काका," ती म्हणाली. मग तिनं वर पाहिलं. "अरे देवा! काका!"

भागूनं दादाभाऊंना फोन लावला. "दादाभाऊ, गाडी घेऊन या. हात मोडला."

"काय सांगता वैनी! कुठला?"

"उजवा."

"मेलो! आता लोकांना काय तोंड दाखवू? पुण्यावरनं पियानो येऊन बसलाय की वो!"

"पियानोचं काय मधीच? ह्यांचा मोडलाय."

"कुणाचा?"

"आमच्या ह्यांचा."

पलीकडून एवढा लांब सुस्कारा आला की तो सावळारामलाही ऐकू गेला. "मग आसं सांगायचं की आधी! जीव घेतला व्हता माझा. बरं झालं, लई बरं झालं. येतो मी, जेवून घेतो तवर."

संध्याकाळी सावळाराम उजव्या हाताला प्लास्टर, गळ्यात झोळी आणि डाव्या काखेत फाटकावरची पाटी घेऊन कार्यालयात हजर झाला. पाटी त्यानं व्यासपीठाच्या पायरीशी उभी केली. कर्तव्य म्हणजे कर्तव्य.

मनाल वाजवायला बसली. दुपारी जिनं कांद्याच्या पाकळ्या केल्या तीच मूठ आता उघडली होती आणि तिच्यातून असे अलगद सूर निघत होते की लग्नाच्या जेवणावळींना सरावलेलं ते कार्यालय गपगार झालं. सावळारामला हात ठणकत असल्याचा विसर पडला.

"कळतंय का?" त्यानं भागूच्या कानाशी विचारलं.

"कळायचं काय त्यात? ग्वाड वाटतंय. गप बसा."

शेवटी सगळं कार्यालय टाळ्या वाजवत उभं राहिलं. सावळारामनं डाव्या हातानं मांडी बडवली.

मग आभार. सावळाराम उठला, पण माईक एका हातात धरला तर कागद कशात धरायचा? दादाभाऊंनी खांद्याला धरून त्याला प्रेमानं खाली बसवलं, कागद घेतला आणि खणखणीत आवाजात जसाच्या तसा वाचला. "पाहुणीची बोटं डोळ्यांत तेल घालून जपण्याचं भाग्य या पामराला लाभलं," या वाक्याला टाळ्यांचा कडकडाट झाला. दादाभाऊंनी मान लववून त्या स्वीकारल्या.

कार्यक्रमानंतर माणसं मनालभोवती गोळा झाली. पाटीकडे कुणी पाहिलं नाही, तिनंही नाही. ती सगळ्यांशी हात मिळवत सुटली. दादाभाऊंशी मिळवला तेव्हा तेच आपली बोटं झटकत बाजूला झाले. "लई जोर हाये राव पोरीत!"

उरलेली माणसं सावळारामकडे वळली. "काय झालं वो भाऊसाहेब?" म्हणत पहिल्यानंच मायेनं त्याचा प्लास्टरचा हात धरला. सावळारामनं जो सूर लावला, तो पियानोवरही नव्हता. भागू तरातरा गेली, पायरीजवळची पाटी उचलली आणि झोळीच्या दोरीतच अडकवून त्याच्या गळ्यात टांगली.

लोक पाटी वाचून हात जोडू लागले. सावळारामनं उलट नमस्कार करायला हात उचलले. डावा वर आला, उजवा झोळीतच राहिला. अखेर भागूनंच आपला एक हात त्याच्या डाव्या हाताला जोडला आणि दोघांत मिळून एक नमस्कार पुरा केला.

"आटपा आता," ती म्हणाली. "घरी चला. मनालला रातच्याला कांद्याची भजी खायचीत. किल्ली आठवली का?"

सावळारामला त्या क्षणी किल्ली आठवली. नव्या संडासाच्या पाण्याच्या टाकीत ठेवली होती. टाकीचं झाकण चिनी मातीचं होतं, भलतंच जड. उचलायला दोन हात लागतात.