चाळिसावी ताटली

खूळ आणि चळवळ यांत विचारांचा फरक नसतो, डोक्यांचा असतो. आणि डोकी बाहेरूनच मोजायची असतात. मिनेसोटातल्या नॉर्बी काउंटीने हे शहाणपण नियमात बसवलं होतं. सभेला सहापर्यंत माणसं आली तर तो 'वैयक्तिक विक्षेप', एकोणचाळीसपर्यंत 'जनतेची चिंता' आणि चाळीस भरली की 'चळवळ'. चळवळीपुढे काउंटी नमत असे. (विक्षेपापुढे नुसती मान डोलावत असे.)

मायलो हाउगेनचं म्हणणं होतं, की महामार्गावरच्या चौकात होऊ घातलेलं सर्कल हा युरोपातल्या राजांचा डाव आहे. "चौकात माणूस आपली वाट आपण निवडतो. सर्कलमध्ये सरकार त्याला फिरवतं!" पुराव्यादाखल तो मुकुट, अंगठ्या आणि राजवाड्यातली कारंजी दाखवी. सगळं गोल.

व्हर्ना टोलेफसनला मात्र ते सर्कल हवं होतं. त्याच चौकात ट्रकने तिच्या नवऱ्याचा, आर्व्हिडचा, खुबा मोडला होता, आणि अजूनही तो रोज सकाळी तिथूनच गाडी घालून कॉफी प्यायला जाई. (कॉफी घरीही होती, पण घरी ऐकायला फक्त व्हर्ना होती.) तो परतेपर्यंत तिच्या जिवात जीव नसे. मायलोचं डोकं ठिकाणावर आणायचंच, असं ठरवून ती चर्चच्या तळघरातल्या त्याच्या सभेला निघाली.

आता, नॉर्बीत कुणाकडे रिकाम्या हाताने जायची रीत नाही, भांडायलाही नाही. वर कुरकुरीत बटाटे पसरलेलं खिम्याचं हॉटडिश तिने ओव्हनमधून काढलं आणि नेलं. तोवर सभेला मायलो, त्याचा मेहुणा आणि मेहुण्याचा कुत्रा एवढेच येत. हॉटडिशची कीर्ती पसरली आणि पुढच्या सभेला निम्मं गाव आलं. सगळे हसायलाच आले होते, आणि सगळ्यांनी काही ना काही आणलं होतं.

काउंटीचा अधिकारी मोजणीला आला. माणसं उठतात, बसतात, बाहेर जाऊन येतात. म्हणून त्याने खरकट्या कागदी ताटल्या मोजायची शास्त्रीय पद्धत अवलंबली. एकोणचाळीस भरल्या.

व्हर्ना उठली. संतापाने तिचे कान लाल झाले होते.

"मायलो, तुझं म्हणणं ना... वेगळंच आहे हो."

नॉर्बीत यापेक्षा मोठी शिवी नाही.

"बरं, बरं," मायलो ओशाळून म्हणाला. "घे ना अजून थोडं."

"नको रे, झालं माझं."

"घे गं!"

"नको, खरंच."

"अगं, तूच केलंयस ना?"

"बरं, एवढंसंच." तिसऱ्यांदा नाही म्हणणं हा तिथे उद्धटपणा समजतात. पहिली ताटली तिने टाकली होती, म्हणून नवी घेतली.

अधिकाऱ्याने 'चळवळ' असं लिहिलं. विरोध: निरंक. (तो टेक्ससहून आलेला. 'एका बाईंनी विचारांच्या वेगळेपणाचं कौतुक केलं', अशी नोंदही त्याने केली.) सर्कल रद्द झालं.

दुसऱ्या दिवशी आर्व्हिडने किल्ल्या उचलल्या.

"आज नको ना जाऊस."

"अगं, आता चौक स्वतंत्र झालाय!"

ती खिडकीशी उभी राहिली. इतक्यात फोन वाजला. मायलो होता. त्याच चौकातली 'थांबा'ची पाटी म्हणजे हुकूमशाहीच नाही का, यावर सभा होती. हॉटडिश आणशील का?

"नको रे."

"आण की!"

"नाही जमायचं, मायलो."

त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

तुम्हीही हसायलाच आला होतात ना? बसा निवांत. तुमची ताटली मोजून झाली आहे.