लांडग्याचं पारायण

प्रेमाचा अंतिम निकाल लागावा आणि साऱ्या सृष्टीनं श्वास रोखून तो ऐकावा, असे क्षण युगायुगांतून एखादेच येतात. कामरगावात तो क्षण गुरुवारी दुपारी येणार होता. पण आईनं वैभवीला बेबीताईंकडे पोथी वाचायला नेलं.

पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या आर्यवीरची ही प्रेमकथा पाच भागांची. शेवटच्या भागातले सहाच अध्याय उरले होते. रेवा त्याला वरते की नाही, एवढंच कळायचं होतं. चौथा भाग वैभवीच्या आईनं, वैजयंतीबाईंनी, दहावीच्या अभ्यासापायी बंबात घातला होता. "आता घरात लांडगा दिसला, त त्यालेबी बंबात घालीन!" म्हणून वैभवीनं पोथी अदबीनं ट्रंकेत ठेवली आणि तिच्या लाल फडक्यात पाचवा भाग बांधला. पारायणाशिवाय ते फडकं कोणी सोडत नसे.

नेमका दर गुरुवारी पोथी वाचणाऱ्या बेबीताईंचा घसा बसला. "आमची वैभवी वाचते ना! पोथीबी आमचीच आनतो," म्हणून आईनं परस्पर गाठोडं उचललं.

चौरंगावरच्या गाठोड्याला हळदकुंकू वाहून झालं. बायांनी हात जोडले. वैभवीनं फडकं सोडलं, तर मुखपृष्ठावर उघड्या छातीचा आर्यवीर! तिनं त्याला चटकन पालथा निजवला, खुणेचं पान काढलं आणि पोथीच्या चालीत सुरुवात केली, "अध्याय एकोणिसावा. आर्यवीराच्या पाठीवर केस उगवू लागले..."

"वैभे!" आईचा हात पुढं आला.

"हात नको लावू, वैजयंती!" बेबीताई बसक्या आवाजात कडाडल्या. "सुरू केलेली पोथी अर्धी सोडत नाहीत."

"अवं, पन हे पोथी..."

"शाप हाय त्याले. उःशाप कोन देते ते त आयकू दे!"

आईनं हात मागं घेतला. हळदकुंकू वाहिलेलं पुस्तक बंबात घालायची तिची छाती नव्हती. उलट वाचणारीला पाणी आणून देणं तिच्याच वाट्याला आलं.

तेविसाव्या अध्यायात रेवा एकटीच लांडग्यांच्या कळपात शिरली, तेव्हा बायांच्या हातातल्या वाती वळायच्या थांबल्या. चोविसाव्यात तिनं आर्यवीरला लांडग्यासकट पत्करलं. बेबीताईंनी नारळ फोडला. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "पन पुनवेले त्याले जेवाले काय घालन व ते?"

वैभवीनं मान ताठ केली. आर्यवीर आता कुंकवाचा धनी होता. त्याला बंबाचं भय उरलं नव्हतं.

तेवढ्यात पहिल्यापासून पुढ्यात हात जोडून बसलेल्या ऐंशी वर्षांच्या मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या,

"झालं का माय लांडग्याचं? मंग आता पोथी घे वाचाले."