स्वामिनाथराव आणि सुंतेचा वाद

वाद घालण्यासाठी स्वामिनाथरावांना दुसरा माणूस लागत नाही. त्यांच्या दाराच्या दोन्ही बाजूंना दोन ओटे आहेत. डाव्या ओट्यावर बसून ते एक बाजू मांडतात. मग उठतात, पंचा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतात, उजव्या ओट्यावर जातात आणि मघाच्या वक्त्याला खोडून काढतात. तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत नवा आलेला टपालवाला पहिल्या आठवड्यात मला म्हणाला, "समोरचे दोघे भाऊ दिसतात, पण पटत नाही त्यांचं."

विषय एकच. पुरुषांची सुंता केल्याने एचआयव्हीला आळा बसतो काय, आणि बसत असल्यास ती सरसकट करावी काय.

स्वामिनाथराव वैद्य नव्हेत. आरोग्य खात्यात ते प्रचारक होते. गावोगाव फिरून तमिळमध्ये भाषणे देणे ही त्यांची नोकरी. निवृत्तीनंतर भाषणे थांबली नाहीत. श्रोते तेवढे गेले.

डाव्या ओट्याचे म्हणणे असे, की आफ्रिकेतल्या चाचण्यांत सुंता झालेल्या पुरुषांना स्त्रीकडून होणारी लागण बरीच कमी आढळली. उजवा ओटा म्हणतो, कमी म्हणजे शून्य नव्हे. बायकोला सुंतेचे थेट संरक्षण नाही. तिथली साथ निराळी, इथली निराळी. आणि तान्ह्या मुलाची संमती कोण घेणार? दोन्ही ओटे एकमेकांना "पुरावा दाखवा" म्हणतात. मी समोर राहतो. पुरावा मला पाठ आहे.

लग्नकार्यात हल्ली त्यांचे पान एका ठार बहिऱ्या मामांच्या शेजारी मांडतात. मामा मान डोलावतात. मामांइतका मोकळ्या मनाचा माणूस आपल्या समाजात नाही, असे स्वामिनाथरावांचे मत आहे.

त्यांचा दुसरा हट्ट मराठीचा. तंजावरात आम्ही घरी मराठी बोलतो, पण लिहितो-वाचतो तमिळ. माझी नोकरी जुन्या पोथ्यांच्या सूची करण्यात गेली, म्हणून मला देवनागरी येते. साठी उलटल्यावर स्वामिनाथराव माझ्याकडे पाटी घेऊन आले आणि सहा महिन्यांत अक्षरे शिकले. मला वाटले, गीता वाचतील. त्यांनी सुंतेच्या दोन्ही बाजूंचे पत्रक लिहिले आणि गल्लीच्या तोंडाशी, मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर डकवले.

चौथ्या दिवशी पत्रकाला हळदकुंकू लागलेले होते. कोपऱ्यावरच्या सीताक्का हात जोडून उभ्या होत्या.

"मला वाचायला येत नाही," त्या म्हणाल्या, "पण मराठी अक्षर म्हणजे स्तोत्रच की. कशाचं आहे, अण्णा?"

मी खोटे बोलत नाही. "पुरुषांच्या आरोग्याचं," मी म्हणालो.

"मग आमच्या ह्यांच्यासाठी रोज एक दिवा लावतें."

दिवा महिनाभर लागला. पत्रकाचा एवढाच प्रभाव नोंदवता येतो.

यंदा समाजाच्या वार्षिक मेळाव्यात स्वामिनाथरावांनी अर्धा तास मागितला. चिटणीसांना सरळ नाही म्हणवेना. ते म्हणाले, "वादविवाद असेल तर ठेवूं. दुसरा वक्ता आणा." दुसरा वक्ता मिळणार नाही, याची त्यांना खात्री होती. स्वामिनाथराव अकरा घरे फिरले. बाराव्या घरी, म्हणजे माझ्याकडे, आले.

"अण्णा, तुम्ही उजवी बाजू घ्या."

"माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे, स्वामिनाथा. समोर माझ्या सुना बसणार."

"म्हणूनच. सुनांनी ऐकावं."

"तमिळमध्ये दे भाषण. चार लोक समजून ऐकतील."

ते खाली बसले. पंचा मांडीवर घेतला.

"तमिळमध्ये दिलींच की. बाजारांत दिलीं, बसथांब्यांवर दिलीं. निरोध हातांत धरून दिलीं. आणि आमचा गोपाळ घरीं येई, शेजारच्या पाटावर जेवे. नक्षीच्या ताटल्या विकायला पार सुरतेपर्यंत जाणारा माणूस. त्याला मी एक शब्द बोललों नाही. धाकट्या भावाशीं मराठींत हें कसं बोलायचं? लाज वाटली. मग एकदा ताप घेऊन आला, तो ताप उतरलाच नाही. पापनाशम गावीं, त्याच्या घरीं वारला. लोकांना क्षय सांगितला."

गोपाळ मला आठवत होता. क्षयही आठवत होता.

"सुंतेनं वाचला असता असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पुरावा नाही. पण बोललों असतों, तर निदान वाद झाला असता."

मी म्हणालो, "उजवी बाजू किती मिनिटं?"

मेळाव्यात पहिले भाषण त्यांचे होते. सभागृह भरले होते. ते उभे राहिले, नमस्कार केला, समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिले. आत्या, मावश्या, पुतणे, सीताक्का. तोंड उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले. चाळीस वर्षे बाजारात ओरडलेला माणूस ध्वनिक्षेपक धरून नुसता उभा होता. मागे कोणीतरी हसले. चिटणीसांनी घड्याळ पाहिले.

मी उठलो, ध्वनिक्षेपक त्यांच्या हातून घेतला आणि म्हणालो, "विषय सुंता." सुनांकडे न पाहता मी पुढे बोललो. "स्वामिनाथरावांची बाजू मीच सांगतो. सुंता केली की पुरुष पूर्ण सुरक्षित. मग निरोध नको, तपासणी नको, काही नको."

"चूक," शेजारून आवाज आला.

"मला तरी असंच कळलं."

"अण्णा, साफ चूक. पुरावा तसं म्हणतच नाही. धोका कमी होतो, जात नाही. निरोध पाहिजेच. तपासणी पाहिजेच. असं समजूनच माणसं मरतात. द्या तें इकडे."

मी दिले आणि खाली बसलो. ते पन्नास मिनिटे बोलले. डावीकडून बोलले, उजवीकडून बोलले, गोपाळचे नाव घेऊन बोलले. माझ्या सुना उठून गेल्या नाहीत. माझे भाषण राहून गेले. त्याची चौकशी कोणी केली नाही.

जेवणाच्या पंगतीत स्वामिनाथरावांच्या डाव्या हाताला पन्नाशीचा एक गृहस्थ येऊन बसला. कामासाठी वर्षातले आठ महिने परगावी असतो, एवढेच मला त्याच्याविषयी ठाऊक आहे. वाकून तो हळू आवाजात, मराठीत, काही विचारू लागला. स्वामिनाथराव पानावरचा हात मागे घेऊन ऐकत होते. त्यांचा भात निवत होता.

वाढपी सांबाराचे भांडे घेऊन तिकडे निघाला. मी त्याला थांबवले आणि आधी माझ्याच पानावर वाढायला सांगितले, पुरे म्हणेपर्यंत.