उशिरा पडणारा पाय

रविवारी सकाळी आमच्या शेजारचे शरणप्पा मधल्या भिंतीवर दोन थापा मारायचे, आणि मी हातातलं काम टाकून स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या फळीपुढे जाऊन उभी राहायची. भिंतीपलीकडून लोखंडी कपाट फरशीवरून फरफटत नेल्यासारखा आवाज यायचा. तो थांबला की शरणप्पा ओरडायचे, "काकू, डबे वाजले का?"

"डाळीचा वाजला. साखरेचा नाही."

"अन् बशा?"

"बशा सगळ्याच."

"मंग गिटार लई झाली," असं म्हणून ते पुन्हा कामाला लागायचे.

मुलांनो, मागच्या खेपेला तुम्ही लातूरला आलात तेव्हा विचारलं होतंत, की आजी ह्या वयात भिंतीशी का बोलते. फोनवर ते धड सांगता आलं नाही. म्हणून नीट, क्रमाने लिहिते.

शरणप्पांचं दुकान मोटारींचं. जळालेल्या पंपाच्या मोटारीला नवी तार गुंडाळून ती चालू करून द्यायची. पन्नाशी कधीच ओलांडली आहे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि त्याच्यावरून पट्टा घेतलेली काळी गिटार. कॉलेजात असताना कुणाच्या तरी कॅसेटवर त्यांनी परदेशातलं धडाडणारं संगीत ऐकलं आणि त्यातून ते बाहेर आलेच नाहीत. बायको सुमित्रा असेपर्यंत ती कानात कापूस घालून भाकऱ्या थापायची. ती गेल्यावर मागच्या खोलीत त्यांनी रेकॉर्डिंगचं सामान मांडलं.

आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लावावेत, असं त्यांना कुणी सांगितलं. त्यांच्या घरात अंड्याचं नावही निघत नाही. लातुरात कोणी बघेल म्हणून गृहस्थ जवळच्या मुरूडला गेले, तोंडाला रुमाल बांधून रिकाम्या ट्रेचा गठ्ठा घेतला आणि एसटीत तो मांडीवर धोतराने झाकून आणला. पुढे उदगीरची चुलती आली, तिने ती खोली पाहिली आणि दारातच बसली.

"शरण्या, बाटवलंस की रे घर!"

"अंडं न्हाई चुलती. अंड्याचं रिकामं घर हाय नुसतं."

"मग तू राहा त्या घरात," म्हणून ती जेवायला माझ्याकडे आली आणि जाईपर्यंत माझ्याकडेच राहिली. ट्रे मात्र निघाले नाहीत.

त्या खोलीत दर रविवारी ड्रम वाजवायला यायचा तो मिलिंद. मूळचा कंधारचा, माझा कॉलेजातला विद्यार्थी, पुढे पाटबंधारे खात्यात कारकून होऊन निवृत्त झालेला. जयंतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवता वाजवता तो ड्रमवर आला. दोघांची जोडी कॉलेजपासूनची. एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय ह्यांचं गाणं सुरू होत नसे.

ह्या संगीतात एक मोठा ड्रम असतो, तो पायाने वाजवतात. खाली पेडल, पाय दाबला की दांडा जाऊन ड्रमवर आदळतो. त्याला किक म्हणतात. अडचण अशी, की किकचा धपका आणि असल्या गिटारीचा जाड आवाज, दोन्ही एकाच जागेवर बसायला येतात. शरणप्पांनी मला ते समजावलं होतं. "एका बाकड्यावर दोन जाड माणसं, काकू. एकानं सरकावं लागतं. मी काही सरकत नसतो."

"हाव, सरकायला ढुंगण हलवावं लागतं," आतून मिलिंद म्हणाला.

आणि खरंच शरणप्पा कधी सरकले नव्हते. गिटार कमी करणं त्यांना अपमान वाटायचा. म्हणून तर माझे डबे लागायचे. दोघांच्या भांडणात पंच पाहिजे होता.

मग मिलिंदला झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं लवकर सुधारलं, हातही आला, पाय मात्र पुरता आला नाही. काही महिन्यांनी तो काठी टेकत पुन्हा रविवारी यायला लागला. आणि तेव्हापासून भिंतीपलीकडचा आवाज बदलला. गिटारीचा सगळा जाडपणा निघून गेला. पत्र्यावर खिळा ओढावा तशी ती बारीक झाली. बशा वाजेनाशा झाल्या. मला वाटलं यंत्र बिघडलं. तसं विचारल्यावर शरणप्पांनी मला खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"मिलिंदचा पाय हलका पडून राहिलाय, काकू. अन् उशिरा पडतो. माझी गिटार वर बसली की तो दिसतच न्हाई. म्हणून खालचा जाड आवाज कापून टाकला मी माझा."

रोहन, तेव्हा मी तुला फोन केला होता. तू म्हणालास, सोपं आहे आजी, त्या किकच्या जागी तयार आवाज टाका, कॉम्प्युटर वेळेवरही आणून ठेवेल. मी ते त्यांना सांगितलं.

"ते ठाऊक हाय मला," शरणप्पा म्हणाले. "मंग मिलिंद कुठं राहिला त्यात?"

ते काय करत होते, ते ऐका. मिलिंद वाजवून घरी गेला, की ते त्याची किक लावून ऐकायचे. पाय जिथे उशिरा पडला असेल, तिथे स्वतः तेवढंच थांबून गिटार पुन्हा वाजवायचे. आठवडाभर, दुकान सांभाळून. पुढच्या रविवारी मिलिंदला ऐकवलं, की गिटार आणि पाय बरोबर एकत्र पडलेले. "बघ, कसा बसलाय पाय तुझा! उगं रडून राहिला होतास."

"त्याला कळू देऊ नका," त्यांनी मला बजावलं. "कळलं तर यायचा न्हाई तो."

मी कबूल केलं.

एका रविवारी शरणप्पा दुकानात अडकले होते, म्हणून मिलिंद माझ्या ओट्यावर चहा घेत बसला. काठी बाजूला ठेवून पाय चोळत होता.

"मॅडम, शरण्याला वाटतं मला कळत न्हाई."

"काय रे?"

"माझा पाय मागं पडतो ते. इतकी वर्षं वाजवून राहिलो त्याच्यासंगं. त्याची गिटार कधी कुणासाठी थांबली न्हाई. आता प्रत्येक ठोक्याला माझी वाट बघती."

"मग कशाला दमवतोस स्वतःला? पोरगी पुण्याला बोलावते ना तुला?"

"बोलावती. पण मी गेलो तर ह्याच्याकडं येणार कोण? वहिनी गेल्यापासून माणसाशी बोलतोय का तो? मोटारीशी बोलतो दिवसभर." मग हसला. "त्याला कळू देऊ नका, मॅडम. उगं लाजंल."

मी त्यालाही कबूल केलं. दोन्हीकडे वचन देऊन मी मधे बसले होते. चेहऱ्यावर काही न दाखवणं मला शिकवण्याच्या नोकरीतही इतकं अवघड गेलं नव्हतं.

दुसरा झटका आला, तेव्हा त्याला नांदेडच्या दवाखान्यात नेलं. तिथून मिलिंद परत आला नाही. त्याच्या घरच्या बुद्धवंदनेला शरणप्पा सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभे होते. मिलिंदच्या मुलीने ड्रम घेऊन जाऊ का म्हणून विचारलं. "राहू दे, बाई. थोडे दिवस राहू दे," एवढंच ते बोलले.

त्यानंतर भिंत गप्प झाली. मीही गेले नाही. मग एकदा दुपारी पलीकडून एकच धपका आला. थोड्या वेळाने आणखी एक. मी गेले तर शरणप्पा मिलिंदच्या स्टुलावर बसले होते. इतक्या वर्षांत त्या स्टुलावर ते कधी बसले नव्हते.

"काकू, हे बघा." त्यांनी पेडलवर नुसतं बोट ठेवलं. दांडा आपोआप पुढे पडला. "स्प्रिंग पार ढिली केलीय त्यानं. शेवटच्या आट्यापर्यंत. एवढी ढिली कोणी ठेवत नसतं. पाय नुसता टेकला तरी पडावं म्हणून केलीय. तरी उशिरा पडत होता." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला कळलं होतं का, काकू?"

ज्याला वचन दिलं होतं तो आता नव्हता. मी हो म्हणाले.

"गिटारीचं पण?"

"तेही."

"मंग येत कशाला होता तरास काढून?"

मी सांगितलं. जसं मिलिंदने सांगितलं होतं तसंच, मोटारीशी बोलण्यासकट.

 शरणप्पांनी उपरण्याने पेडलवरची धूळ पुसली. स्प्रिंगचा स्क्रू आवळायची चावी शेजारीच पडली होती. मला वाटलं ते ती उचलतील. त्यांनी ती पायाने पलीकडे सारली.

"लबाड," ते म्हणाले. "माझ्यासाठी येत होता."

आणि अनवाणी पाय त्या पेडलवर टेकवून, तो आपोआप खाली जायची वाट बघत बसले.